एक सातवा वार कमी करण्याबाबत

दहाव्या महिन्यातल्या दुसऱ्या सातव्या वारी एबल व्हार्टन आयुष्यातलं पहिलं खोटं बोलला आणि त्यापायी त्याच्या दुकानासमोरचं बाक रिकामं पडलं. पण केंडल गावच्या सभेच्या वहीत याची नोंद नाही, आणि वहीत नाही ते घडलेलं नाही असं तिथली मंडळी धरून चालतात. आपणही तसंच धरू. काही घडलेलं नाही. बाक रिकामं नाही.

सातवा वार म्हणजे शनिवार. पण शनी पडला देव, आणि परक्या देवांची नावं घेऊन बाजारहाट करणं या सभेच्या क्वेकर पंथीयांना पटत नाही, म्हणून ते वार नुसते मोजतात. ते एकमेकांना मित्र म्हणतात, न्यायाधीशापुढेही टोपी काढत नाहीत आणि लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करतात. देवाचा उजेड प्रत्येकाच्या आत सारखाच, मग अहो कुणाला आणि अरे कुणाला? भावही एकच. आधी चौदा सांगून मग बाराला देणं म्हणजे दोन पेन्सांचं खोटं बोलायचं आणि ते मोठ्या मनाने मागे घ्यायचं. एबलकडे मोजे विणायच्या लोकरीचा गुंडा बारा पेन्सांना. राजा आला तरी बारा. राजा आला नव्हता.

येत होती ती हेस्टर ब्लँड, लाँगस्लेडेल खोऱ्यातली विधवा. दर बाजाराला लोणी विकायची आणि आठवडाभर विणायला लोकर न्यायची. ती चर्चला जाणारी, म्हणजे मित्रांपैकी नव्हे. तिच्याशी लग्न केलं तर सभा एबलला काढून टाकणार हे त्याला ठाऊक होतं, पण लग्नापर्यंत जायला आधी ‘बारा’च्या पुढे जायला हवं होतं. समोरच्या टॉम एअरीच्या मडक्यांच्या दुकानात एका झाकणापायी हेस्टर अर्धा तास भांडायची. तिचं हसू रस्ता ओलांडून एबलच्या तराजूपर्यंत यायचं. मग ती स्वतः यायची.

“किती?”

“बारा, हेस्टर.”

“दे.”

संपलं. त्यानंतर ती दुकानासमोरच्या बाकावर बसायची, चर्चच्या घड्याळाचा पाव तासाचा टोला पडेपर्यंत. ती काही बोलायची नाही. आत एबलही काही बोलायचा नाही. तिचे पाय दुखत असतील, असं त्याने ठरवून टाकलं होतं. टॉमला अर्धा तास मिळतो आणि आपल्याला दोन शब्द, हे मात्र त्याला रोज जेवताना आठवायचं आणि ओटची पेज गार व्हायची.

पहिल्या वारी सभा. तिथे पाद्री नाही, गाणं नाही. सगळे गप्प बसतात आणि आतल्या उजेडाने कुणाला हलवलं तर तो उठून बोलतो. छाती धडधडायला लागली की समजायचं, बोलावणं आलं. त्या दिवशी एबलची छाती धडधडत होती, कारण तो मनातल्या मनात हेस्टरशी भाव करत होता. सवयीने तो उठला.

“चौदा पेन्स,” तो म्हणाला आणि खाली बसला.

कुणी हसलं नाही. चाळीस माणसं तासभर चौदा पेन्स घेऊन शांत बसली. सभा उठली तेव्हा म्हातारा मॉर्डेकाय गिल्पिन डोळे पुसत होता. त्याचे बारा माग होते आणि विणकरांना तो दिवसाला बारा पेन्स द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून त्याने चौदा सुरू केले. एका बाईने चौदा वर्षं अबोला धरलेल्या बहिणीला पत्र टाकलं. एबलला तोंड उघडायची सोय राहिली नाही. पण सगळ्यांना लागू पडतंय तर आपल्यालाही पडेल, असं त्याला वाटलं.

सातव्या वारी हेस्टर आली. “किती?”

“चौदा.”

तिने मान वर केली. मग तिच्या चेहऱ्यावर तेच आलं जे एबलने आजवर फक्त रस्त्यापलीकडून पाहिलं होतं.

“आठ देते. यात अर्धी लोकर आहे आणि अर्धा चिखल.”

“तेरा. मेंढी माझ्या ओळखीची आहे. अंघोळ केलेली आहे.”

“मग तिलाच वीक तेराला.”

ती हसली, त्याच्या दुकानात, त्याच्या बोलण्यावर. त्या क्षणी अख्ख्या वेस्टमरलंड परगण्यात एबलहून सुखी माणूस नसावा. सौदा बाराला पटला. तिने पैसे ठेवले, गुंडा उचलला आणि तिथेच उभी राहिली.

“म्हणजे तुलाही येतं तर,” ती म्हणाली. “नवरा गेल्यापासून मी लोण्यापायी भांडते, भाड्यापायी भांडते, पाद्रीबुवांशी चर्चला द्यायच्या कोकरांच्या हिश्शापायी भांडते. सगळे ब्लँडबाई म्हणतात. तू एकटा हेस्टर म्हणतोस आणि भाव एकदाच सांगायचास. या बाकावर बसलं की मला कुणाला हरवायचं नसायचं.”

बाकाकडे न बघता ती गेली. “घासाघीस रंगली होती की रे, मित्रा,” समोरून टॉम म्हणाला.

दर आठवड्याला चाळीस जणांबरोबर गप्प बसणाऱ्या माणसाला, आपल्याबरोबर कुणी गप्प बसलंय हे कळलं नव्हतं.

एबलने वडीलधाऱ्यांपुढे सगळं कबूल केलं. ते पुन्हा शांत बसले. बराच वेळ बसूनही दिवसाचे बारा पेन्स कुणालाच पुरेसे वाटेनात, म्हणून विणकरांची मजुरी चौदाच राहिली. खोट्याबद्दल त्यांनी विचारलं, जास्तीचे किती घेतलेस? एबल म्हणाला, काहीच नाही. मग परत करायला काही नव्हतं आणि लिहायलाही.

हेस्टर अजून येते. एबल बारा सांगतो, ती आठपासून सुरू करते. तो बारावर अडून राहतो, ती अर्धा तास भांडते, हसते, बारा देते आणि जाते. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं. बाकावर पानं पडतात, तो झाडून काढतो.

पुढच्या मासिक सभेपुढे त्याने अर्ज ठेवला:

“तीन वर्षांपूर्वी सरकारने कॅलेंडर सुधारताना नवव्या महिन्यातले अकरा दिवस गाळले. लोक दोन तारखेला झोपले ते चौदा तारखेला उठले आणि कुणाचं काही अडलं नाही. अर्जदार एकच दिवस मागत आहे. सबब विनंती की, यंदाच्या दहाव्या महिन्यातला दुसरा सातवा वार उगवलाच नाही असं जाहीर करावं, सर्व मित्रांनी त्या सहाव्या वारी झोपून थेट पहिल्या वारी उठल्याचं मान्य करावं, आणि हा ठराव लाँगस्लेडेलच्या हेस्टर ब्लँड हिलाही, ती आपल्या सभेची नसली तरी, लागू करावा.”