टकली राजूरला चढते

"या पृथ्वीतलावर काळ खऱ्या अर्थानं दोघांनाच कळतो," तातेराव इंजिनात डोकं घालून म्हणाला. "एक पंचांग लिहिणारा, आन् दुसरा टायमिंग लावणारा."

"मंग आठ वाजले का ते सांग," शिवनारायण शेठ म्हणाले. "माँसा कवाची तयार बसली."

तातेरावाने मनगटावर पाहिलं. घड्याळ बंद होतं.

जालन्याला शेठच्या अंगणात उभी असलेली गाडी अमेरिकन होती, आठ सिलिंडरची होती आणि तिला छप्पर, बॉनेट, पुढचे मडगार्ड यांपैकी काहीही नव्हतं. निजामाच्या काळात एका जहागीरदाराच्या लेकाने शर्यतीसाठी तिचं वजन उतरवलं होतं आणि एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले होते. शर्यत एकदाच झाली. समोर घोडा होता. घोडा जिंकला. पुढे जहागीर गेली, आणि गाडी शेठचे वडील हीरालाल यांनी घेतली. गाव तिला 'टकली' म्हणायचं. पेट्रोल महागल्यापासून टकली फक्त अंगारकीला बाहेर पडे, शेठच्या आई धापूबाई यांना राजूरच्या गणपतीला न्यायला.

मागच्या अंगारकीला ती देवळाच्या चढणीवर बंद पडली. पंधरा भक्तांनी तिला "मोरया" म्हणत वर ढकललं आणि सोळाव्याने धापूबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही उतरल्या तर हलकी व्हईल का?" धापूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आता धक्का लागला तर आपण त्या गाडीत पुन्हा बसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा शेठ तातेरावाला म्हणाले होते, "बिना धक्क्याची वर नेलीस तर धान्याच्या मोंढ्यामागचं शेड तुला भाड्यानं देतो. तुझ्या नावाची पाटी लाव."

तातेराव सोळा वर्षं दुसऱ्यांच्या पाट्यांखाली गाड्या दुरुस्त करत होता. स्वतःसाठी जागा विचारायला तो तीन ठिकाणी गेला होता. तिन्हीकडे आधी काम विचारलं, मग नाव, मग आडनाव. आणि आडनाव कळल्यावर जागा कालच दुसऱ्याला दिल्याचं सर्वांच्या लक्षात आलं. त्या 'काल' जालन्यात फारच जागा गेल्या असाव्यात. त्याची बायको बेबीनंदा मात्र वाट बघत बसणारी नव्हती. सकाळी डबा देताना ती म्हणाली, "पाटी मी रंगवून ठिवलीय. आता तेवढं शेड घिऊन या."

तर टायमिंग. ठिणगी पडायची वेळ ती. लवकर पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर रडतं. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली फट मोजायला कारखान्याची पट्टी असते म्हणतात. तातेरावाकडे शेठच्या घरातली लग्नपत्रिका होती. मारवाड्यांच्या पत्रिकेचा कागद बराबर जाडीचा असतो, आणि घरात लग्नंही भरपूर निघतात, असं त्याचं मत होतं.

मग कार्ब्युरेटर. ही इंजिनाची नाकं. पेट्रोल आणि हवा इथून एकत्र आत जातात. दोन नाकं असली की दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा. तातेराव रबरी नळीचं एक टोक कानात धरी, दुसरं आळीपाळीने दोन्ही नाकांशी, आणि फुसफुस एकसारखी होईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करी. गंमत अशी की सपाटीला गाडी डाव्या नाकावरच चाले. पाय निम्म्याच्या वर दाबला की मधली छोटी दांडी हले आणि उजवं नाक पूर्ण उघडे. म्हणजे चढणीची सगळी भिस्त त्या दांडीवर.

"झालं," तातेराव म्हणाला आणि नळावर हात धुवायला गेला. तेवढ्या वेळात धापूबाईंनी इंजिनाला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला आणि समाधान होईपर्यंत आणखी काय काय केलं.

राजूरपर्यंत टकली अशी गेली की शेठ वाटेत दोनदा हसले. ते सहसा दिवाळीला हसत. तातेराव चालवत होता, शेठ शेजारी, मागे धापूबाई एका हाताने पदर आणि दुसऱ्याने नैवेद्याचा डबा धरून.

चढण लागली. तातेरावाने पाय दाबला. टकलीने एक दीर्घ उसासा टाकला आणि दर्शनाच्या रांगेशेजारी उभी राहिली.

तातेरावाने ब्रेक ओढला आणि उतरून चाकामागे दगड लावला. लागलीच टेंभुर्णीचे साहेबराव नावाचे एक दणकट गृहस्थ बाह्या सरसावत आले.

"आली का! मागल्या बारीलाबी आम्हीच ढकलली होती. चला रे!"

"हात लावू नका!" शेठ ओरडले.

"शेठ, खर्चा न्हाई त्याचा. फुकट ढकलतो."

"साहेबराव, पाया पडतो," तातेराव म्हणाला. "पाच मिनिटं."

साहेबराव नाराज होऊन पाच मिनिटं उभे राहिले, पण बाह्या त्यांनी खाली केल्या नाहीत.

आता तातेरावाने ती चूक केली जी फक्त हुशार माणूस करतो. दोष आपल्याच टायमिंगचा, असं त्याने धरलं. डिस्ट्रिब्युटर सैल करून बोटभर फिरवला, शेठना किल्ली मारायला सांगितली. फाट्ट! एवढा मोठा आवाज झाला की रांगेतल्या लोकांना आरती सुरू झालीसं वाटून त्यांनी "मोरया"चा गजर केला. तातेरावाने डिस्ट्रिब्युटर दुसरीकडे फिरवला. इंजिन रडू लागलं. रांगेतून कुणी म्हणालं, "मिस्तरी चांगला पाहायचा व्हता."

तातेरावाच्या डोळ्यांपुढे मोंढ्यामागच्या शेडचा पत्रा एकदा चमकला आणि विझला. त्याने कपाळ पुसलं. मग डिस्ट्रिब्युटर होता तिथे आणून ठेवला आणि कानाला लावायची रबरी नळी काढली.

"शेठ, इंजिन चालू ठिवा. आता पाय हळूहळू दाबा. आणखी दाबा."

डावं नाक घोंघावू लागलं. उजवं मात्र झोपलेल्या माणसासारखं शांतपणे फुसफुसत होतं. तातेराव वाकला. मधल्या दांडीला लाल-पिवळा नाडा होता, चांगला पाच वेढे घेऊन शेजारच्या लोखंडी नळीशी आवळलेला. वर सात गाठी. गाठींवर कुंकू.

"हा कुणी बांधला?"

"मी," धापूबाई मागून म्हणाल्या. "सकाळी सगळं थंड बसलं होतं, तेवढा तो दांडाच तू हलवून बघत होता. मी म्हटलं, गाडीचा जीव त्यातच असेल."

निदान चुकीचं नव्हतं.

"ब्लेड हाय माझ्याकडं," साहेबराव मदतीला धावले.

"खबरदार!" धापूबाई कडाडल्या. "जात्रेचा नाडा कापायचा नसतो. अपशकुन!"

शेठ खाली उतरले आणि तातेरावाच्या कानाशी आले. "मी तिला बोलण्यात गुंतवतो. तू जल्दी काप. तुला काय त्याचं? तुम्ही लोक तर मानतच न्हाई."

गोष्ट खरी होती. छप्पन साली तातेरावाच्या बापाने घरातले सगळे देव आणि सगळे गंडेदोरे एका गोणीत भरून पूर्णा नदीत सोडले होते. तातेरावाच्या लेखी नाडा म्हणजे सूत. ब्लेडचं काम अर्ध्या मिनिटाचं होतं, आणि पलीकडे शेड होतं.

"कापत न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "माँजी, गाठी सोडून काढू का? नाडा शाबूत राहील."

धापूबाईंनी विचार केला. "सोडून चालतं."

इंजिन बंद करून तो बसला. गाठी तेलाने भिजून घट्ट झालेल्या, शेजारची नळी तापलेली. पहिल्या गाठीला बोट भाजलं, दुसरीला नख मोडलं. धापूबाई मागून मोजत होत्या. "तीन... संभाळून... चार." साहेबरावांनी बाह्या खाली केल्या आणि कुठूनसा तांब्याभर पाणी घेऊन आले. रांग चार पावलं पुढे गेली, पण हे बघायचं म्हणून दोघे-तिघे मागेच राहिले.

"तुला हे पटत न्हाई ना?" पाचव्या गाठीला धापूबाईंनी विचारलं.

"न्हाई पटत, माँजी."

"मंग?"

"तुम्ही बांधलेलंय."

सातवी सुटली. तातेराव काळ्या बोटांत नाडा धरून उभा राहिला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. पायाशी टाकता येईना, खिशात घालता येईना. शेठ आभाळाकडे बघत होते. धापूबाईंनी पदरातून हात बाहेर काढला आणि मनगट पुढे केलं.

"इथं बांध."

त्याने हात पँटला पुसले. उपयोग झाला नाही. मग तसाच नाडा बांधला. त्यांच्या गोऱ्या, सुरकुतलेल्या मनगटावर तेलाची चार बोटं उठली. त्यांनी ती पुसली नाहीत.

"घट्ट बांधला का?"

"बराबर बांधला."

तातेरावाने इंजिन सुरू केलं. एक हात डिस्ट्रिब्युटरवर ठेवून, डोळे मिटून त्याने तो तीळभर पुढे घेतला, तीळभर मागे. खडखड गेली. रडणं गेलं. मधे एक जागा आली जिथे आठही सिलिंडर एकाच माणसासारखे बोलू लागले. तिथे त्याने नट आवळला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला, शेठ शेजारी.

साहेबराव दगड काढायला मागे गेले. "ढकलू नका हां," शेठ म्हणाले. साहेबरावांनी दोन्ही हात वर करून दाखवले.

टकली दगड सोडून निघाली, चढणीला लागली, उजव्या नाकाने दम भरला आणि अशी सुटली की नारळवाल्यांनी टोपल्या मागे ओढल्या. वर देवळाशी ती थांबली तेव्हा इंजिन इतकं मऊ चालत होतं, की शेठनी ते बंद पडलं असं समजून तातेरावाचा दंड धरला.

"चालू हाय, शेठ."

शेठनी दंड सोडला. मग म्हणाले, "उद्या सकाळी किल्ली घिऊन जा. शेड झाडून घे, चिमण्या लई झाल्यात."

तातेरावाने मान हलवली. बोलला असता तर आवाज फुटला असता, आणि आज टायमिंगच्या बाबतीत त्याला कुठलाही धोका पत्करायचा नव्हता. खालून साहेबराव धापा टाकत वर आले आणि लोकांना सांगू लागले की ही गाडी आपण ढकललेली नाही.

धापूबाई आधाराशिवाय उतरल्या. देवळाकडे चार पावलं गेल्या, थांबल्या, वळल्या. सोळा वर्षं तातेरावाने त्या घराचं अंगण पाहिलं होतं, नळ पाहिला होता, गाडीखालून दिसेल तेवढी ओसरी पाहिली होती.

"तातेराव, उद्या किल्लीला आलास की जरा आत ये," त्या म्हणाल्या. "मधल्या घरातला झोपाळा लई करकरतोय. त्याला तेवढं तेल घालून दे."