तोंड धुवायची गोळी

जयंतराव आठल्यांच्या घरात एक नियम होता आणि तो अर्थातच जयंतरावांनी केलेला होता. लीलाताईंचं पहिलं उत्तर धरायचं नाही. नाटकाला येतेस का, असं विचारलं की त्या आधी "नको" म्हणायच्या. थोड्या वेळाने विचारलं की "बघू". तिसऱ्यांदा विचारलं की पर्स घेऊन दारात उभ्या. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आईने नकार दिला की मुलगा सिद्धेश हसून म्हणायचा, "उडाली तोंड धुवायची गोळी!"

ही गोळी घरात आली ती रायफल क्लबातून. लीलाताईंचे वडील कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेत होते. त्यांच्या मागे त्यांची ठासणीची रायफल रीतसर परवाना होऊन जावयाकडे आली. ठासणीची म्हणजे पुढून भरायची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजाने ठासत खाली न्यायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी चढवायची आणि मग चाप ओढायचा. एवढा खटाटोप करूनही साफ नळीतून सुटलेली पहिली गोळी हटकून भलतीकडे जायची. म्हणून क्लबात रिवाजच पडला होता की पहिली गोळी कागदावर मारायची नाही, मागच्या मातीच्या बांधात घालायची. क्लबचे सेक्रेटरी शंतनुदा तिला 'मुख धोआ' म्हणत. बंदूक आधी तोंड धुते, मग कामाला लागते.

यंदा मात्र पंचाईत झाली. क्लबला दारू कमी मिळाली आणि शंतनुदांनी जाहीर केलं की हिवाळी सामन्यात प्रत्येकाला एकच गोळी मिळेल, तीही साफ नळीतून. सगळे कुरकुरले. यापेक्षा चिठ्ठ्या टाका, असंही कोणी म्हणालं. जयंतरावांचं कुतूहल मात्र चाळवलं. जन्मभर जहाजांची इंजिनं उघडून पाहिलेला माणूस तो, 'भलतीकडे' या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. भलतीकडे म्हणजे नेमकं कुठे? इतक्या वर्षांत हे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण ती गोळी बांधात जायची.

शिवाय हा त्यांचा कोलकात्यातला शेवटचा सामना ठरणार होता. सिद्धेशने पुण्यात स्वतःच्या शेजारचा फ्लॅट पाहून ठेवला होता. मूळचे साताऱ्याचे जयंतराव मनाने तिथे जाऊन राहायलाही लागले होते. लीलाताई इथे जन्मलेल्या, इथल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दुर्गापूजेच्या दिवसांत त्यांना विचारलं तेव्हा भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "मला नाही जायचं." दिवाळीत विचारलं तेव्हा "बघू". आणि सामन्याच्या दोन दिवस आधी विचारलं तेव्हा "तुम्ही म्हणाल तसं". म्हणजे घरच्या नियमाप्रमाणे होकार झाला होता. सामन्याच्या संध्याकाळी सिद्धेश फोन करणार होता आणि बाबांनी हो म्हटलं की इथलं घर विकायला काढणार होता.

दारू पुरवून वापरायची म्हणून जयंतरावांनी ठरवलं की दर रविवारी एकच गोळी मारायची आणि कागद मात्र तोच लावायचा, म्हणजे सगळ्या पहिल्या गोळ्या शेजारी शेजारी दिसतील. लीलाताई थर्मास आणि बंगाली पेपर घेऊन सोबत यायच्या आणि फणसाच्या सावलीत बसायच्या. पहिले काही रविवार भोकं कुठेही पडली. एक वर, एक कडेला, एक तर कागदाच्या बाहेरच. जयंतराव कागद हातात घेऊन भोकं न्याहाळत उभे राहायचे.

"अहो," एका रविवारी लीलाताई पेपरमधून मान वर करून म्हणाल्या, "मागच्या खेपेला नळी केवढा वेळ पुसत बसला होतात! आज दोन चिंध्या फिरवल्यात आणि झालं. आत तेल कधी राहतं, कधी नाही. मग गोळी तरी एका जागी कशी जाईल?"

जयंतराव चाटच पडले. साफ म्हणजे साफ, असं ते धरून चालले होते. सारखी साफ, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी नवा कागद आला. आता चिंधी अगदी कोरडी, पांढरी निघेपर्यंत नळी पुसायची, नुसती टोपी उडवून मागचं भोक वाळवायचं आणि मग भरायचं, हे दर वेळी न चुकता.

थंडी पडेपर्यंत कागदावर जे उमटलं ते त्यांनी उन्हात धरून पुन्हा पाहिलं. सगळी भोकं खाली डावीकडे होती, पण अशी एकत्र की वर एक लुची, म्हणजे बंगाली पुरी, ठेवली तर सगळी झाकली जावीत. त्यांनी मागच्या सामन्यांचे जुने कागद काढून शेजारी मांडले. तिथे काजळी साचत गेली तशा पुढच्या पुढच्या गोळ्या फाकत गेलेल्या होत्या. आणि रायफलीचा नेम त्या पुढच्या गोळ्यांच्या हिशेबाने बसवलेला!

"लीला, पहिली गोळी चुकतच नव्हती," गाडीत बसता बसता ते लहान मुलासारखे सांगू लागले. "तिची जागा ठरलेली आहे. उलट तीच सगळ्यात पक्की. आम्ही नेम लावला नंतरच्या गोळ्यांवर आणि खापर फोडलं तिच्यावर!"

"मग इतकी वर्षं बांधात का घालत होतात?"

"सगळेच घालायचे."

 लीलाताई काच खाली करून बाहेर बघत बसल्या.

सामन्याच्या दिवशी जयंतरावांनी नेम मुद्दाम वर, उजवीकडे धरला. धूर विरला तेव्हा भोक मधल्या काळ्या ठिपक्यात होतं. बाकीच्यांच्या गोळ्या कुठे कुठे गेल्या होत्या ते सांगण्यात अर्थ नाही. शंतनुदांनी त्यांना मिठीच मारली. "जयंतदा, कसं जमवलंत?"

"मुख धोआ बंद करा," जयंतराव ऐटीत म्हणाले. "तीच खरी गोळी."

परतताना एस्प्लनेडच्या चौकात गाडी अडकली. लीलाताई जिंकलेला कप मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदराने त्याच्यावरचे बोटांचे ठसे पुसत होत्या. आपलंच वाक्य जयंतरावांच्या मनात परत परत येऊ लागलं. मुंबईच्या नोकरीच्या वेळी लीला आधी "नको" म्हणाली होती. मग "बघू", मग "जाऊया". दोघं दीड वर्षात गाशा गुंडाळून परत आले होते. माझ्या आईची हार्मोनियम विकू नका, असं ती एकदाच म्हणाली होती, आणि नंतर बरीच वर्षं कुठेही हार्मोनियम वाजली की उठून आत जायची. सिद्धेशला शिकायला लांब पाठवताना काय म्हणाली होती, तेही त्यांना आठवलं. तिची पहिली उत्तरं त्यांनी आयुष्यात कधी एका कागदावर पाहिली नव्हती. आता पाहिली तर सगळी एकाच जागी पडलेली होती. फाकत गेली होती ती पुढची. समोरचा सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, तरी गाडी हलवायचं त्यांना सुचेना. त्यांना विलक्षण लाज वाटत होती.

संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं. लीलाताई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या.

"मग बाबा, पक्कं ना? उद्या दलालाशी बोलतो."

"नाही. आई नको म्हणाली आहे."

"आई? अहो, परवा तर मला म्हणाली, बाबा म्हणतील तसं. नको कधी म्हणाली?"

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा," जयंतराव म्हणाले. "मला नाही जायचं, असं म्हणाली. स्पष्ट."

 जयंतरावांनी मान वळवली तर लीलाताई कणकेच्या हातांनी दारात उभ्या होत्या. त्या आनंदल्या असतील असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाजात जुना राग होता.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "दर वेळी ऐकू येत होतं तर तुम्हाला."