मुखवट्याच्या आतलं मेण

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात निंगप्पांचं घर शोधायला नंबर विचारावा लागत नसे. वितळणाऱ्या मेणाचा गोडसर वास ज्या दारातून येईल, ते त्यांचं दार. भांड्यांच्या दुकानात सारा जन्म घालवलेला हा म्हातारा आता घरी बसून लोकांच्या जुन्या वस्तू राखायचं काम करी. कुणाची समई यायची, कुणाचं पानदान, कुणाच्या आजेसासऱ्याचा अडकित्ता. निंगप्पा त्या वस्तू चिंचेनं घासत, उन्हात कडकडीत वाळवत, आणि मग मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून जुन्या धोतराच्या चिंधीनं त्यांच्यावर हळूहळू चढवत. घाई म्हणून कधी नाही.

"हवेला आत येऊ द्यायचं न्हाय, एवढंच की," ते आलेल्याला सांगत.

"मग मलाबी लावा की थोडं मेण, मामंजी," त्यांची सून चंद्रिका चुलीकडून म्हणे. "उनानं काळी पडायले मी."

चंद्रिका अक्कलकोटकडची. भाकरी थापताना कानडीत काहीबाही गुणगुणायची, आणि म्हाताऱ्याला दात नाहीत म्हणून त्याची शेंगाचटणी पुन्हा एकदा कुटून मऊ करायची. मुलगा गुरुराज एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात, सकाळी गेला की दिवेलागणीला परत. दिवसभर घरात सासरा आणि सून, दोघंच.

घरातली एकच वस्तू अशी होती की जिला निंगप्पांखेरीज कुणी हात लावत नसे. वीरभद्राचा पितळी मुखवटा. एके काळी घरातले पुरुष तो तोंडाला बांधून मिरवणुकीपुढे चालत. पुढे निंगप्पांच्या आजानं ते थांबवलं. का थांबवलं ते घरात कुणी बोललं नाही. तेव्हापासून मुखवटा वर्षातून एकदा कलशाला टेकवून पुजायचा, घरातल्या थोरल्यानं त्याला मेण लावायचं आणि ट्रंकेत ठेवायचा. तोंडाला मात्र लावायचा नाही. बाहेरचं मेण निंगप्पा पुसून पुसून लखलखीत करत, पण आतल्या बाजूला दाट थर तसाच सोडत. कोण बघतं आत? आणि थर दाट असला की पितळ कळकत नाही.

यंदा पूजा होऊन बरेच दिवस झाले होते. ऊन चढायला लागलं, मेण मऊ पडलं असेल, म्हणून त्यांनी मुखवटा सहज बाहेर काढला, उलटा केला, आणि तसाच मांडीवर धरून बसले. आतल्या धुरकट थरात, कपाळाच्या जागी, मेण झिजून पितळ उघडं पडलं होतं. दोन्ही गालांच्या हाडांपाशीही तसंच. हनुवटीच्या खळग्यात तसंच. बाकी सगळा थर जसाच्या तसा.

वस्तू नुसती पडून राहून झिजली तर अशी झिजत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण मनात आलेला विचार त्यांनी बाजूला सारला, नवा थर चढवला, ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. चार दिवसांनी पाहिलं, तर कपाळ पुन्हा उघडं.

मग त्यांना सुनेकडे बघायची सवय लागली. ती दुपारी पुढच्या खोलीत एकटी काय करते, झोप लागल्यावर आपल्या करगोट्याला हात घालते का, पदराला मेणाचा वास येतो का. वास येई, पण साऱ्या घरालाच तो येई. ज्या पोरीनं आपल्याला लेकीची उणीव भासू दिली नाही तिच्याकडे आपण चोरासारखं बघतोय, हे कळत होतं, आणि तरी नजर हटत नव्हती.

"काय बघालाव, मामंजी?" एकदा तिनं विचारलं.

"काय न्हाय." मग राहवेना. "चंद्रिका, ट्रंक उघडतीस का गं तू?"

तिचा पिठाचा हात परातीतच थांबला. "मी कशाला उघडू? देवाची वस्तू ती. आजवर हात लावला न्हाय मी." आणि तिच्या डोळ्यांत पाहून निंगप्पांना वाटलं, ही खरं बोलते. तेच त्यांना जास्त खुपलं.

चूक त्यांनी त्यानंतर केली. गुरुराजला सांगून बसले.

गुरुराज आधी हसला. "देवाचं तोंड घालून नाचती का काय ही दुपारची?" पण हसू फार टिकलं नाही. दोन वर्षं झाली होती लग्नाला, आणि त्याच्याही मनात काही साठलेलं असावं, कारण तो बायकोकडे वळून म्हणाला, "मलाबी वाटलं होतं. परवा सुटी टाकून घरी आलो तर दाराला आतनं कडी. कोण येतंय गं घरात?"

"मामंजी असतात की घरात!" ती म्हणाली. "त्यांनाच विचारा, कोण येतंय."

निंगप्पांनी मान हलवली. कुणी येत नव्हतं. त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या मान हलवण्यानं तिची बाजू भक्कम व्हायच्या ऐवजी का कोण जाणे लंगडीच पडली. गुरुराजनं ठरवून टाकलं: रविवारी तिला अक्कलकोटला पोचवायचं, आणि मग पुढचं पुढं. चंद्रिका रडली नाही. तिनं पिशवी काढून दोन लुगडी घडी घालून ठेवली, आणि म्हाताऱ्याची चटणी रोजच्यासारखी कुटून दिली. निंगप्पांनी ती ताटाच्या कडेला सारून ठेवली.

शनिवारी दुपारच्या जेवणानंतर ते ट्रंकेपाशी जाऊन बसले. बोळात सामसूम होती; लांब कुठेतरी एकच माग खटखटत होता. पोरगी उद्या जाणार आणि ती आपल्या एका शब्दापायी, हे त्यांना सहन होत नव्हतं. दिवसभर घरात माणसं दोनच. ती नसेल, तर उरलं कोण? म्हातारपणी माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही. शेजारचे सोमलिंग मास्तर नाही का अंगणातली चप्पल देवघरात नेऊन ठेवत. आपणच झोपेत उठत असू. किल्ली तर आपल्याच कमरेला. तसं निघालं तर बरंच होईल, गुरुराजला बोलावून दाखवता येईल, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, पोरीचा काही दोष नाही. उभ्या जन्मात त्यांनी देवाकडे स्वतःसाठी इतकं काही मागितलं नव्हतं. माझ्याच तोंडाच्या खुणा निघू देत.

त्यांनी मुखवटा उन्हाकडे करून आतून पाहिला. झिजलेल्या जागा स्वच्छ दिसत होत्या. मग आजाच्या वेळेपासून कुणी केलं नव्हतं ते केलं. डोळे मिटले आणि मुखवटा तोंडाला लावला.

कपाळ बरोबर कपाळावर बसलं. गालांची हाडं आपापल्या जागी गेली, हनुवटी खळग्यात टेकली. कुठे रेटावं लागलं नाही, कुठे सैल राहिलं नाही. पितळ गार लागायला हवं होतं, ते गार लागलं नाही. निंगप्पांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मीच तो. त्यांना हसू आलं, आणि ते आत कोंडून राहिलं. पोरगी कुठं जात नाही आता. आधी तिलाच दाखवावं म्हणून ते तसेच उठले, भिंतीला धरत पुढच्या खोलीत आले.

चंद्रिका उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसली होती. डोळ्यांच्या दोन भोकांतून ती त्यांना लहान आणि लांब दिसली. तिनं वर पाहिलं. ती दचकली नाही. सूप बाजूला ठेवून तिनं पदर सावरला, उठून बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी दबक्या आवाजात म्हणाली,

"आज लवकर आलाव? हळू बोला. मामंजी आत झोपलेत."