मास्तरांचा उतरलेला टेनर

"परत आलात?" गुरुबसप्पांनी मान वर न करताच विचारलं. शुक्रवार पेठेच्या बोळात चपला फरफटत येणारी माणसं पुष्कळ, पण दुकानाच्या पायरीवर येऊन मुद्दाम खाकरणारं माणूस एकच.

"आलो की. आप्पा, परत उतरतोय."

बँडवाल्या धोंडीराम मास्तरांनी टेनर सॅक्सोफोनचं काळं खोकं बाकावर असं ठेवलं, जसं काही आजारी लेकरू दवाखान्यात आणलंय. आणि डॉक्टर बिनकामाचा आहे, हेही चेहऱ्यावर होतंच.

आप्पांनी हातातली बाजाची पेटी बाजूला सारली. पेट्या आणि बँडची वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. गिऱ्हाइकांचे त्यांनी दोन भाग पाडले होते: वाद्य बिघडलेले आणि स्वतः बिघडलेले. पहिल्यांचं काम एका खेपेत होतं. मास्तर कुठल्या भागात मोडतात, हे दिवाळीपासून ठरत नव्हतं.

आधी टेनरच्या मानेवरचं, माउथपीस बसतो तिथलं बूच झिजलेलं निघालं. ते बदललं. मग भोकांवरच्या दोन पॅडमधून हवा जात होती, ती नवी बसवली. मग एक स्प्रिंग. मग माउथपीसवरचं रबर, जिथं वरचे दात टेकतात. मास्तरांनी चावून चावून त्याला खळगे पाडले होते. तेही नवं चिकटवलं. दर वेळी आप्पा स्वतः टेनर फुंकून पेटीशी सूर ताडून बघायचे. दोन्ही एकमेकांत असे मिसळायचे, जशी साखर दुधात. मास्तर खूश होऊन जायचे आणि एक वरात झाली की पायरीवर खाकरायचे.

"माझ्या तोंडात बरोबर वाजतंय, तुमच्या तोंडात उतरतंय," आप्पा म्हणाले. "आता यात टेनरनं काय करायचं?"

"गरमीनं होत आसंल."

"गरमीनं सूर चढतो मास्तर, उतरत न्हाई. आन् सोलापूरला गरमी काय काल आली व्हय?"

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. हात तेलाचे, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला आणि लगेच पस्तावले. बँडचा मालक महेश्वर बोलत होता.

"आप्पा, मास्तरांचं वाद्य सुरात बसलं का? रविवारी जुळे सोलापुरात वरात हाय. पार्टी चोखंदळ हाय. न्हाय बसलं तर सांगा, सॅक्सचा आवाज कीबोर्डात हायच की. मास्तरांना खुळखुळा देतो हातात. म्हातारं माणूस पुढं चालताना बरं दिसतंय."

आप्पांनी घाईघाईनं फोन बंद केला. मास्तर समोरच्या भिंतीवरची बिनतारांची सतार बघत होते, जणू ती विकत घ्यायचीय.

एके काळी मास्तर धरतील तो सूर, अशी महेश्वरच्या बापाच्या बँडची रीत होती. मास्तर चुकले तर अख्खा बँड गुमान त्यांच्यामागं चुकायचा, आणि सगळेच चुकले की चूक उरतेच कुठं? पण बँडच्या गाड्यावर कीबोर्ड आला. तो कुणाची भीड धरत नाही. त्याच्याशेजारी मास्तर उघडे पडले.

"वाजवा," आप्पांनी टेनर पुढं केला. "माझ्यासमोर वाजवा. बघू दे कुटं उतरतंय."

"आज सोमवार. उपास हाय."

"हवा खाऊन उपास मोडतो व्हय? मागच्या खेपेला पान खाल्लं हुतं. त्याच्या आदी ओठ उलला हुता. यप्पा! लग्नाची पोरगी एवढी लाजत न्हाई!"

मास्तर हलले नाहीत. आप्पांनी चिडून माउथपीस ओढला. तो बुचावर पार शेवटपर्यंत दाबून बसवलेला होता. निघता निघेना. असा आत रेटला की सूर चढतो खरा, पण वरचे जास्त चढतात, खालचे कमी; मग कुणाचाच कुणाशी मेळ राहत नाही. माणूस एवढा का रेटेल? मुळातला सूर फारच पडत असेल तर. आणि तो का पडेल?

आप्पांनी माउथपीस उजेडात धरला. त्यांनी चिकटवलेलं रबर जसंच्या तसं होतं. इतक्या वराती झाल्या, त्यावर दाताची एक खूण नव्हती.

त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं. आतले दात मक्याच्या कणसासारखे एका रांगेत. दिवाळीला त्यांनीच तर थट्टा केली होती, की मास्तर, आता दुसरं लग्न करा.

"मास्तर," आवाज आपोआप खाली आला, "वाजवताना दात कुटं ठेवता?"

मास्तर खोक्याची कडी चाळवू लागले.

"डगल्याच्या खिशात."

"आन् हिरड्यांवर वाजवता?"

"काय करू? अक्कलकोट रोडच्या लग्नात लांब सूर धरला आन् कवळी सुटली. तोंडात झेलली म्हणून बरं. न्हायतर नवरदेवाच्या घोड्याच्या पायाखाली गेली आसती."

"मग मला सांगायला काय झालं हुतं? मी अख्खा टेनर उसवला की! नवे पॅड घातले! स्प्रिंग बदलली!"

"तुमाला सांगायचं म्हंजे काढून दाखवायला लागतंय," मास्तर म्हणाले. "घरवाली मथुराबाई सोडून कुणी बघितलं न्हाय मला तसं."

आप्पांच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच विरली. राग मात्र होता तसाच होता. त्याला आता जायला जागाच उरली नव्हती.

"वळसंगला तुमचे वडील सनई वाजवायचे," ते गुरकावले. "शेवटाला त्यांच्या तोंडात किती दात हुते?"

"येकबी न्हवता."

"आन् सूर उतरायचा?"

मास्तरांची मान ताठ झाली. "सनईवाला मांडवाच्या कडंला बसतोय आप्पा. मास्तर नवरीच्या दारापुढं उभा ऱ्हातोय. म्या त्येच्यासाठीच ह्ये धरलं."

"मग धरा की खुळखुळा!"

हा घाव वर्मी बसला. आप्पांना तो बसवायचाच होता, पण बसल्यावर बघवेना. ते जरा मवाळ झाले.

"खालचा ओठ घेता तसा वरचाबी आत घ्या. हिरडी लावू नका. दोन ओठांत धरा, सनईवानी. ओठ लई दुकंल. वरातभर टिकंल का न्हाई, ते मला म्हाईत न्हाई. पण दारापुढचं एक गाणं निघंल."

मास्तरांनी रस्त्याकडं पाहिलं. समोर बांगड्यांच्या दुकानात रंभाबाई बसली होती, शेजारी चहावाला. भर दुपार, सगळ्यांना बघायला वेळच वेळ.

आप्पा उठले. काही न बोलता त्यांनी शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. मग माउथपीस बेतानं बुचावर चढवला आणि मास्तरांकडं पाठ करून पेटीपुढं बसले. पट्टीच्या कडेला कागदाची घडी खुपसून एक सूर अडकवून ठेवला आणि भाता हलवू लागले.

पाठीमागं स्क्रूच्या वाटीत काहीतरी टक्‌ करून पडलं.

पहिल्या फुंकीला टेनर किंचाळला. दुसरीला सूर खाली लोंबला.

"वर," आप्पा पेटीला सांगितल्यासारखं म्हणाले. "अजून. ओठ सोडू नका."

तिसऱ्यांदा सूर डळमळत वर आला, पेटीच्या सुराला चाचपत तिथं बसला. इतका नीट, की आप्पांना वाटलं पेटीच बंद पडली. मग मास्तरांनी वधूच्या दारापुढं वाजवायचं गाणं धरलं. पूर्वीचा दणका नव्हता. पातळ, जरा ओला आवाज होता. पण खरा होता.

शटरखाली दोन पाय येऊन थांबले. हिरव्या काठाचं लुगडं.

"आप्पा," बाहेरून रंभाबाईनं विचारलं, "आत मास्तर हायत व्हय?"

"मास्तरच हायत."

"तरीच," ती म्हणाली. पाय हलले नाहीत.

गाणं खालच्या सुरात उतरलं तसा बाक थरथरला आणि वाटीतले स्क्रू, वाटीतले दात बारीक वाजू लागले. आप्पांनी मागं न बघता मोकळा हात नेला, वाटी चाचपली, आणि तेलकट फडक्यावर अलगद सरकवून ठेवली.