अकरा खोकी

ऑफिसचा संघ जिंकला की माझं एक खोकं उघडायचं.

डिसेंबरात माझ्या नवऱ्याची, मुरलीधरची, चंदीगडहून कोल्हापूरला बदली झाली. सात वर्षांनी! मी इंडस्ट्रियल एरियातून अकरा खोकी आणून सगळं घर त्यांत भरलं. तर साहेबांनी आदेशाखाली एक ओळ वाढवली: राष्ट्रीय फुटबॉल चषकातून संघ बाद झाल्यावरच कार्यमुक्त करावे. संघाचा गोलरक्षक म्हणजे आमचे हे. वय अडतीस, गुडघे साठीचे. बाद फेरीची स्पर्धा, एकदा हरलं की सुटलो. मला वाटलं, हे लोक पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळतील.

कसलं काय! पहिली फेरी जिंकले, कुकर बाहेर काढला. दुसरी जिंकले, रजया काढल्या. उपांत्यपूर्व सामन्यानंतर आमची इरा दारातूनच ओरडली, "मम्मी, पापा फिर जीत गए! अब कौन-सा डिब्बा खोलूँ?" मी तिच्यावर उगाच खेकसले.

माझा जीव एका तारखेत अडकला होता. कोल्हापूरच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली होती. एक एप्रिलला रुजू व्हायचं, नाहीतर ते दुसरी बाई घेणार. ह्यांच्या बदल्यांपायी मी आधीच दोन नोकऱ्या सोडल्या होत्या. आता खरंच दमले होते. आणि उपांत्य सामना आला मार्चच्या शेवटच्या रविवारी.

सकाळी गुडघ्याला पट्टा बांधता बांधता हे म्हणाले, "त्यांचा नऊ नंबर पेनल्टी कायम गोलकीपरच्या डावीकडे मारतो. चार सामने बघितलेत मी त्याचे."

"अहो, मग तुम्ही उजवीकडे उडी मारा," मी म्हटलं. वैतागून म्हटलं. ते हसले नाहीत.

सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. शेवटचा फटका नऊ नंबरचा. हा आत गेला की आम्ही बाद. मी तीन महिने गणपतीकडे हेच मागत होते. ह्यांनी एकदा प्रेक्षकांत माझ्याकडे पाहिलं. चेंडू डावीकडे गेला. ह्यांनी उजवीकडे उडी मारली.

पोरं मैदानातच बसली. कर्णधार अभिषेक तेवढा उठून आला, ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "कोई ना, सर जी."

"अंदाज चुकला," हे म्हणाले.

घरी आल्यावर, एरवी दाराच्या खिळ्यावर टांगायचे ते हातमोजे ह्यांनी स्वतः खोक्यात टाकले. आजवर ते कधी बांधले नव्हते. वरून कुकर ठेवला आणि म्हणाले, "पहिली तारीख गाठू आपण. चिकटपट्टी दे."

मला हवं तेच झालं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. पट्टी त्यांना न देता मीच लावली.