अप्पांचं पान

या, जरा पुढं सरून बसा. टाळ मांडीवर ठेवा. हरवलेल्या एका टाळकऱ्याची गोष्ट सांगतो, लहानशीच आहे.

त्याच्या लेकीनं, वर्षाराणीनं, संगणकावर कोडमधला उघडा राहिलेला शेवटचा टॅग बंद केला आणि पान पुन्हा तपासणीला लावलं. हिरवी पट्टी उमटली : चूक एकही नाही. तिनं हात जोडले. मग वडिलांचं नाव टाकून शोधलं. कुणा दुसऱ्याच गुरुबसप्पाची तेलाची गिरणी वर आली, त्याखाली एक मंगल कार्यालय. अप्पा कुठंच नव्हते.

अप्पा भजनी मंडळींसोबत उदगीरहून भोकरला कीर्तनाला गेले होते. मंडळी चहाला वळली तेवढ्यात स्टँडवरून दिसेनासे झाले. विसर आधीच अंगात मुरलेला. गाव गेलं होतं, लेकीचं नाव गेलं होतं, शेवटी स्वतःचंही. पोलिसांत कळवून झालं, पत्रकं चिकटवून झाली. मग तिनं अप्पांच्या शोधासाठी इंटरनेटवर हे पान बांधलं. लातूरला संगणकाचा क्लास चालवणारा चुलतभाऊ संगमेश्वर म्हणाला, कोडमध्ये लई चुका आहेत, त्या काढ आधी. पूजेचं तबक घासावं तशी तिनं ओळ न् ओळ घासली.

तिनं त्याला फोन लावला.

"संगू, एक चूक न्हाई राहिली. तरी अप्पा वर येईनात."

पलीकडे संगमेश्वरनं क्लासमधला पंखा बंद केला.

"अक्का, कोड शुद्ध हाय म्हणून पान वर येत न्हाई."

"मग मला कशाला कामाला लावलंस?"

"तू स्टँडवर जाऊन नुस्ती बसून राहायलीस. जेवण सोडलंस. हाताला काय तरी पायजे होतं."

ती रागावली नाही. शोधाच्या रिकाम्या चौकटीत कर्सर उघडझाप करत होता. अप्पा कुणाला भेटलेच, तर तो माणूस तिथं काय लिहील? नाव तर अप्पांनाच ठाऊक नाही.

तिनं पानाच्या मथळ्यातलं नाव खोडलं. त्याजागी काय लिहावं, ते सुचेना. हिरव्या पट्टीच्या जागी लाल पट्टी आली : मथळा रिकामा आहे.

तो अजून रिकामाच आहे. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. कुठल्या देवळाच्या पायरीवर, डाव्या भुवईत वण असलेला उंच म्हातारा दिसला, तर त्याला नाव विचारू नका, तो ओशाळतो. भजनातलं नुसतं 'शिव' म्हणा आणि थांबा. पुढचं 'हर' त्यानंच म्हटलं आणि म्हणताना त्याचे रिकामे तळवे टाळासारखे एकमेकांवर आले, तर ते आपले गुरुबसप्पा. एवढं ध्यानात असू द्या.