सहा पडले

“पुन्हा जिंकले?” ताईने विचारलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“हो ताई! तिसऱ्यांदा!” टोपीवालीने टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या बाकीच्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या, शिक्षक असल्यामुळे जरा जास्तच.

ताई माझी थोरली बहीण. नवव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. मी संगणकावरचे खेळ कसे बनवायचे ते शिकवतो. यंदाचा विषय होता ‘सर्वांसाठी खेळ’. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं, ‘कोणीही वगळलं जाऊ नये.’ असली वाक्यं लिहिताना माझं अक्षर फार छान येतं.

टोपीवाली वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ऊन असो, सावली असो, डोक्यावरची टोपी काही उतरत नाही. तिने एआयच्या मदतीने नुसत्या आवाजावर चालणारा खेळ केला होता. थेंबांच्या आणि पावलांच्या आवाजावरून भुयारातून वाट काढायची, मागे लागलेल्या पहारेकऱ्याला चुकवायचं. ताईला मी घाईने बोलावलं त्याला कारण होतं. आता तिचे कानही चालले होते. उजवा गेलाच होता, डाव्याचे थोडे महिने उरलेत असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला एकदा तरी तिच्या तोडीचा खेळ मिळावा, एवढीच माझी धडपड होती.

“हा पहारेकरी मला पकडत का नाही गं?”

“तुम्ही छान खेळता म्हणून!”

“अगं, मघाशी मी मुद्दाम उभी राहिले. निवांत नाक खाजवलं. तो आला आणि बाजूने निघून गेला. खोटा आहे तुझा खेळ.”

टोपीवालीचा चेहरा पडला. तिने एआयला दिलेल्या सूचना उघडल्या. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. सातवी ओळ होती, ‘खेळाडू अंध असेल तर त्याला निराश होऊ देऊ नकोस.’ यंत्रच ते, सांगितलं तसं वागलं. ताई जवळ आली की पहारेकरी वाट बदलत होता.

“ही ओळ कुणाच्या डोक्यातून आली?” मी आवाज चढवला.

“सर, तुमच्याच. पहिला मसुदा दाखवला तेव्हा तुम्हीच घालायला लावलीत.”

ताई हसली. “त्याची जुनी खोड आहे ती. लहानपणी आम्ही सापशिडी खेळायचो. मला घरं कळावीत म्हणून आईने रेघांवर, सापांवर आणि शिड्यांवर दोरे चिकटवले होते. फासा मी टाकायचे आणि हा ओरडायचा, सहा पडले! ढब्बू, फाशाचे ठिपके खोलगट असतात रे. उचलताना बोटाला लागायचे. दोन असायचे.”

“मग बोलली का नाहीस?” माझा आवाज नको तेवढा बारीक झाला.

“तू इतका खूश व्हायचास.”

ताईला मी कधी हरू दिलं नाही, याचा पन्नास वर्षं मला मनातून अभिमान होता. तेवढी वर्षं ती एकटीच खेळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोपीवालीने ती ओळ काढली, पण तेवढ्याने भागेना. त्या एका ओळीवर एआयने अख्खं भुयार रचलं होतं. तिने सगळं पुन्हा केलं. तीन आठवडे गेले. मग ती लॅपटॉप घेऊन घरी आली. ताईने हेडफोन लावले, हात पुढे करून सावरून बसली. आम्ही दोघं पडद्याकडे पाहत होतो.

“सुरू कर की गं,” ताई म्हणाली.

खेळ केव्हाच सुरू झाला होता. पडद्यावर पहारेकऱ्याने तिला दोनदा पकडलं होतं.

टोपीवालीने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून नुसती बसून राहिली. डॉक्टरांनी दिलेले महिने कानाने पाळले नव्हते. आठवडाभर ताई प्रत्येक वाक्याला ‘काय?’ विचारत होती, ते मी सर्दीवर ढकललं होतं.

टोपीवाली घरी गेल्यावर मी कपाटातून सापशिडीचा जुना पट काढला. काही दोरे निघाले होते. सोंगट्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं घेतली आणि फासा ताईच्या मुठीत दिला. तिने तो चाचपला आणि तिचा चेहराच बदलला.

तिचं दान ती स्वतः बोटांनी वाचत होती. माझं पडलं की मी तिच्या तळहातावर तितक्या टिचक्या मारत होतो. एखादी टिचकी कमी मारायचा मोह झाला. पण सगळ्या मारल्या.

“गिळलं मेल्याने!” शेवटच्या ओळीतून ताई घसरली तेव्हा ओरडली. आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला आता कळत नव्हतं.

मी शेवटच्या घरात पोचलो. टिचक्या थांबल्या तशी ती थबकली.

“संपला डाव? कोण जिंकलं?”

मी तिचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला. हात तिथेच राहिला, बराच वेळ.

“आता कसं!” ती म्हणाली आणि पटावर फासा शोधू लागली.